पौर्णिमेची माणसं
फलक गुंडाळायला स्वरूपा खाली वाकली, तेवढ्यात पिंपरी चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी दोन रिक्षा थांबल्या आणि पांढऱ्या साड्यांतल्या बायका उतरू लागल्या.

दूरच्या देशात शहरंच्या शहरं बेचिराख होत होती. युद्ध थांबवा म्हणायला पांढरे कपडे घालून मूक उभं राहायचं, हे स्वरूपानंच सुचवलं होतं. ग्रुपवर अंगठे ढीगभर. आले मात्र दोघं. मारुंजीच्या खोलीवरून निघतानाच सोबत राहणारी रुपाली म्हणाली होती, "तू उभी राहिलीस म्हणून तिकडचे बॉम्ब थांबणारेत का?" आता तिचंच खरं वाटत होतं. पुन्हा असल्या फंदात पडायचं नाही, असं स्वरूपानं ठरवून टाकलं होतं.

बायकांनी पुतळ्याला वंदन केलं आणि तिच्याशेजारीच बैठक मारली.

"आमाला सांगायचं तरी, पोरी," त्यांतल्या वयस्क प्रभावतीबाई म्हणाल्या. "आज पौर्णिमा. विहारातनं घरी चाललो होतो, तर ही पांढऱ्या कपड्यांतली पोरं दिसली. म्हटलं, चौकात वंदना ठेवलीय."

हात जोडून त्यांनी गाथा सुरू केली. येणारेजाणारे थबकले. मघाशी "आवरा आता" म्हणणारा हवालदारही टोपी सारखी करून बाजूला उभा राहिला.

गप्प राहावं, असं स्वरूपाला वाटून गेलं. खरं सांगितलं तर पुन्हा तीन टाळकी उरणार. पण त्यांच्या भाबडेपणाचा फायदा घेणं तिच्या जिवावर आलं. गाथा संपताच ती म्हणाली,

"मावशी, ही वंदना नाही. आम्ही युद्धाविरुद्ध उभे आहोत. पौर्णिमा मला ठाऊकच नव्हती. तुम्हाला जायचं असेल तर..."

प्रभावतीबाईंनी फलक मांडीवर घेऊन सावकाश वाचला.

"आमी आता काय म्हणत होतो, म्हाईत हाय का? सगळ्या जिवांचं भलं होऊ दे. दर पौर्णिमेला म्हणतो, पण विहारात समद्या आमी म्हाताऱ्याच. तरणी पोरं आपणहून हेच मागायला उभी राहिली, लई बरं वाटलं बघ."

स्वरूपाचे डोळे भरून आले. ती प्रभावतीबाईंना खेटून बसली.

बऱ्याच वेळानं गुडघ्यावर हात टेकून उठताना प्रभावतीबाईंनी विचारलं,

"मग, उद्या किती वाजता?"

उद्याचं कुणी ठरवलंच नव्हतं.

"सहाला," स्वरूपा म्हणाली.