लॉरीमागचा तांबडा दिवा

मी एक दिवा आहे. देव्हाऱ्यातला नाही आणि दिवाणखान्यातलाही नाही. मोटारलॉरीच्या पाठीला धुळीत टांगलेला, रॉकेलवर जळणारा, तांबड्या काचेचा दिवा. मला हात जोडायला कधी कुणी आलं नाही, त्याचं मला काही वाटतही नाही. माझं दुखणं निराळं आहे. भर कोर्टात एका माणसानं मला विझवलं, आणि तेही फुंकर न घालता.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. देवराम तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. लहानपणी मार खाल्लेला मुलगा पुढे सरळ निघतो म्हणतात, तसा मीही सरळच निघालो. मला करून घेणारा नजीर हा इनायतभाईंच्या लॉरीवरचा ड्रायव्हर. लॉरीला आधी एक चिमणी होती, पण ती वाऱ्याला घाबरून घाटाच्या पायथ्याशीच मान टाकायची. म्हणून नजीर स्वतः आळीत येऊन बसला आणि देवरामला म्हणाला, "काका, ह्याला एक पापणी पण बसवा. दोरी वढली की खाली, सोडली की वर."

"दिव्याला पापणी? कुणाला डोळा मारायचाय रे?"

"मागच्याला," नजीर म्हणाला. देवराम हसत हसत पत्रा कापायला बसला.

त्या मागच्याची गोष्ट सांगायला हवी. तेहेतीस-चौतीस सालची ही हकिगत. आमची लॉरी पेठ तालुक्याकडून भाताची आणि नागलीची पोती भरून नाशिकला यायची. वाटेत सावळ घाट. पोत्यांनी लादलेली लॉरी घाट चढायला लागली की गाभण म्हशीसारखी चालते. तिच्यामागे जो अडकतो त्याला धुळीशिवाय काही दिसत नाही. त्यानं कितीही भोंगा वाजवला तरी इंजिनाच्या आवाजात पुढच्याला तो ऐकू येत नाही. मागचा चिडतो, अंदाजानं बाहेर पडतो, आणि वळणावर समोरून बैलगाडी आली की सगळाच खेळ संपतो.

म्हणून घाटातल्या लॉरीवाल्यांनी आपसांत एक रीत पाडली होती. पापणी एकदा मिटली की थांब, पुढे धोका आहे. दोनदा मिटली की ये, रस्ता मोकळा आहे. मागच्यानं आपले मोठे दिवे एकदा मिचकावायचे, म्हणजे समजलं. पुढे निघून गेल्यावरही एकदा मिचकावायचे, म्हणजे उपकार झाले. ही रीत सरकारनं शिकवली नव्हती. ज्यांना घाटातून घरी परत जायचं होतं त्यांनी ती काढली होती, आणि ती कुणी मोडत नसे.

माझी दोरी बुधाच्या हातात असायची. बुधा पेठेकडच्या डोंगरातला, लॉरीवरचा हमाल. माल चढवायचा, उतरवायचा आणि वाटभर मागच्या फळीवर पाय सोडून बसायचा. पुढे नजीर डाव्या-उजव्या बाजूला हात काढून खुणावणार, आणि बुधा दोरी ओढणार. एवढ्या मोठ्या धुडाचं सगळं बोलणं माझ्या तोंडून चाले. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

आता मागच्यांतली एक घरमोटार. मुंबईच्या एका शेठनं लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी घर बांधून घेतलं होतं. आत दोन पलंग, स्टोव्ह, घडीचं टेबल, खिडक्यांना पडदे. दिवाळी झाली की शेठ तिच्यात बसून त्र्यंबकेश्वरला दर्शन घ्यायचा आणि मग शिकारीला पेठेच्या जंगलात उतरायचा. चुलीसकट फिरणारा हा माणूस पाहून वाटेवरची माणसं तोंडात बोटं घालायची. बुधा म्हणायचा, "आमी घर सोडून पोटामागं फिरतो, ह्ये घर घेऊनच फिरत्यात."

ती मोटार चालवायचा रंगनाथ. पहिल्या वर्षी तो आमच्यामागे अडकला, तेव्हा त्याला ही रीत ठाऊक नव्हती. बुधानं पापणी दोनदा मिटली, तरी तो येईना. करंजाळीला चहाच्या टपरीवर दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा नजीरनंच त्याला चहा पाजून सगळं समजावलं.

"तुमचा दिवा सांगतो आणि मी डोळे मिटून पुढे जायचं?" रंगनाथनं विचारलं.

"डोळे उघडे ठेवून जा," नजीर म्हणाला. "पर दिवा खोटं बोलनार नाय, ही माझी जबान."

त्यानंतर दोन मोसम रंगनाथ आमच्यामागे आला की नजीर आरशात बघून म्हणायचा, "आपला मानूस हाय." पुढे गेल्यावर रंगनाथ एकदा नाही, दोनदा दिवे मिचकावायचा. चहाचं पाणी जरा जास्तच अंगी लागलं होतं. मला तो आवडायचा. आज सांगताना लाज वाटते, पण आवडायचा.

तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही घाट चढत होतो. धुकं असं दाट, की वीस-पंचवीस हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. घरमोटार मागे आली. पुढे वळणापाशी नजीरला डोक्यावर ओझी घेतलेल्या बायका खाली उतरताना दिसल्या, रस्ताभर पसरलेल्या. त्यानं हात बाहेर काढला. बुधानं माझी पापणी एकदा मिटली आणि उघडली. थांब.

मागे दिवे एकदा मिचकावले. समजलं.

उत्तर आलं म्हणूनच नजीर थांबला, हे नीट लक्षात घ्या. चढावर, धुक्यात, लादलेली लॉरी कुणी शहाणा ड्रायव्हर उभी करत नाही. पण मागचा माणूस आपला होता, त्यानं समजलं म्हणून सांगितलं होतं. नजीरनं ब्रेक लावला आणि बायकांना हातानं वाट दिली.

तेवढ्यात घरमोटारीतून शेठचा आवाज आला. लॉरी थांबून इंजिनाचा आवाज खाली बसला होता, म्हणून मला तो स्वच्छ ऐकू आला. "त्या पोत्यांच्या गाडीमागे किती वेळ रांगणार? काढ बाहेर."

"शेठ, पुढून थांब म्हणतायत."

"पगार मी देतो की तो?"

रंगनाथनं मोटार बाहेर काढली. समोर बायका दिसल्या. त्या किंचाळून कडेला पळाल्या, त्यानं घाबरून मोटार पुन्हा आत वळवली आणि ती सरळ माझ्यावर आली. फळीवर सोडलेला बुधाचा पाय दोन्हींच्या मधे सापडला. मी खाली पडलो. माझी काच फुटली, रॉकेल सांडलं आणि मी विझलो.

शेठ खाली उतरला तो आधी आत वाकून कपबशा किती फुटल्या ते बघून. रंगनाथनं मात्र स्वतःचा फेटा सोडून बुधाचा पाय बांधला, एवढं मी त्याच्या पदरात टाकतो. बुधाला घरमोटारीतल्या पलंगावर निजवू म्हणाला, तर शेठनं पलंगावर हात आडवा धरला. "गादी खराब होईल." मग बुधाला आमच्याच पोत्यांवर निजवून नाशिकला नेलं. त्याचा पाय गुडघ्याखाली गेला.

पोलीस आले. हवालदारानं मला उचलून पाहिलं आणि पंचनाम्यात घातलं, की लॉरीच्या मागचा दिवा विझलेला आढळला. बरोबरच आहे. काच फुटून रस्त्यावर आडवा पडलेला दिवा जळत कसा आढळेल? मेलेल्या माणसाला उठवून तुझी नाडी का चालत नाही म्हणून विचारावं, तसली ही तऱ्हा. पण शेठला धागा सापडला. लॉरीला दिवा नव्हता, म्हणून धुक्यात ती दिसली नाही. खटला नजीरवर झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची तुमची पद्धत जुनीच आहे.

नजीरचं लायसन जायची वेळ आली. तुम्हाला तो एक कागद वाटेल. लिहिता-वाचता न येणाऱ्या ह्या माणसानं आयुष्यात कमावलेली तेवढीच एक चीज होती. त्याची बायको मेहरुन्निसा ते लायसन कुराणाच्या शेजारी फडताळात ठेवायची आणि तो कामावर निघाला की स्वतः त्याच्या हातात द्यायची.

कोर्टात मला टेबलावर ठेवलं होतं, गळ्यात चिठ्ठी बांधून. बुधा कुबडी टेकत आला. दिवा लावलेला होता, मीच दोरी ओढली, मागून जवाबही आला, असं त्यानं सांगितलं. शेठच्या वकिलानं विचारलं, "दिव्यानं बोलायची ही भाषा कोणत्या कायद्यात आहे?"

"कायद्यात नाय सायेब. घाटात हाय."

कोर्टात हशा पिकला. हमाल आपल्या ड्रायव्हरच्या बाजूनंच बोलणार, असं म्हणून वकील खाली बसला. वाट सोडून पळालेल्या त्या बायकांना कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांतली चिमणाबाई आपणहून डोंगर उतरून, चालत नाशिकला आली होती. दिवसभर ती बाहेर झाडाखाली बसून राहिली आणि संध्याकाळी उठून गेली.

मग रंगनाथ उभा राहिला. नजीरच्या तोंडावर तेव्हा हायसं वाटल्याची खूण मी स्वतः पाहिली. त्याला वाटलं, आता सुटलो. आपला माणूस आला.

"लॉरीच्या मागे दिवा लागलेला होता?"

रंगनाथनं माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्या बाकावर बसलेल्या शेठकडे पाहिलं. शपथ घेताना माणूस वर बघतो आणि ती मोडताना खाली बघतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

"नव्हता," तो म्हणाला.

दिव्याखाली अंधार अशी म्हण करून तुम्ही आम्हाला उठसूट हिणवता. त्या दिवशी मी टेबलावर होतो आणि सगळा अंधार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. शिक्षा सुनावली तेव्हाही नजीर रंगनाथकडेच बघत होता, जणू अजून दिवे मिचकावतील. लायसन रद्द झालं.

इनायतभाईंनी चार दिवस हळहळ केली आणि पाचव्या दिवशी दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्यांना तरी काय बोल लावू, पोती काही वाट बघत नाहीत. बुधा आपल्या डोंगरात परत गेला. आणि घाटातली ती रीत मेली. लॉरीवाले म्हणायला लागले, ज्याला दिवा दाखवायचा तोच उद्या दिवा नव्हता म्हणणार असेल, तर दाखवायचा कशाला? आता मागचा मागे आणि पुढचा पुढे. तिथे झालेल्या अपघातांची चौकशी करायला साहेब येतात आणि रस्ता अरुंद आहे म्हणून लिहून जातात.

खटला संपल्यावर मी नजीरला परत मिळालो. मेहरुन्निसा मला बघून म्हणाली, "फेकून द्या हा. ह्याच्यापायी गेलं सगळं."

"ह्याच्यापायी नाय गेलं," नजीर म्हणाला आणि त्यानं मला नवी काच बसवून आणली.

बैलगाडीला लायसन लागत नाही. मेहुण्याची गाडी घेऊन तो त्याच रस्त्यानं सरपण आणायला लागला, आणि मी गाडीच्या मागे लटकायला लागलो. ज्या वळणांवर लोक त्याला वाट विचारत, तिथे आता लॉऱ्या त्याच्या अंगावर धूळ उडवून जात. तो मान खाली घालून बैलांशी बोलायचा.

गेल्या पौषात एका संध्याकाळी, दिवेलागणीला, घाटाच्या खाली आमच्यामागे घरमोटार आली. नजीरनं गाडी कडेला घेतली. मोटार पुढे गेली, थोड्या अंतरावर थांबली आणि रंगनाथ खाली उतरून चालत मागे आला. नजीरही उतरून गाडीमागे आला. माझ्यासमोर उभा राहून रंगनाथ कुजबुजला, "नजीरभाई, दिवा होता."

नजीरनं माझी वात जराशी वर केली.

"मी पाहिला होता. माझी नोकरी गेली असती हो. घरी वत्सला आहे, म्हातारी आई आहे. पण दिवा होता. मला झोप लागत नाही."

"मला ठाऊक हाय व्हता म्हनून. मीच भरला व्हता," नजीर म्हणाला. "मला काय सांगतो? शेठ आत हाय ना?"

"हो."

"मग मोठ्यानं सांग."

रंगनाथनं घरमोटारीकडे पाहिलं. पडद्याआड उजेड होता, स्टोव्हचा आवाज येत होता. त्याचे ओठ हलले. मी इतका जवळ असूनही मला काही ऐकू आलं नाही.

नजीरनं एवढा वेळ वाट पाहिली, की बैलही उभ्या उभ्या रवंथ करायला लागले. मग आतून शेठनं हाक मारली. "आलो शेठ," रंगनाथ म्हणाला. हे मात्र मोठ्यानं म्हणाला, आणि धावत गेला.

असा हा मी. पितळ काळं पडलंय, पापणी गंजलीय, पण जळतो अजून. माझं कुणाशी वैर नाही आणि मला कुणाकडून काही मागायचंही नाही, फक्त एवढंच सांगायचंय. तुम्ही घाटातून सुखरूप घरी पोहोचलात, तर पुढे कुणीतरी तुमच्यासाठी दिवा धरला होता. त्याच्याबद्दल कधी विचारणा झालीच, तर रस्त्यावर गाठून त्याच्या कानात सांगू नका. त्याला ते माहीत असतं.