आईंच्या खोलीतला हीटर

गॅस-डिझेलवर कार्बन कर, म्हणजे धुरावरचा कर, लागला आणि घरातली सगळी काटकसर सुनेच्या गळ्यात पडली. नवऱ्याच्या टेम्पोला डिझेल पाजायचं की घर उबदार ठेवायचं, असा तिढा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं नवरा म्हणाला आणि तिचंच पांघरूण ओढून घोरायला लागला.

कराच्या बदल्यात सरकार माणशी थोडे पैसे परत देणार होतं. ते आलेही. त्यात सासूबाईंचा वाटा होता, पण सगळेच टेम्पोच्या टायरांत गेले. त्याच आठवड्यात सुनेने सासूबाईंच्या खोलीतल्या हीटरचं बटण थोडं मागे फिरवलं. मग आणखी थोडं. सासूबाईंची नजर अधू, त्यांना आकडा दिसायचा नाही. विचारलंच तर "आहे तेवढाच आहे, आई," हे उत्तर तिने तयार ठेवलं होतं, आणि एकदा ते द्यावंही लागलं.

सासूबाईंनी विश्वास ठेवला, इथेच पंचाईत झाली. खोली गार नाही म्हणजे आपणच गार पडायला लागलो, असं त्या धरून चालल्या. आवराआवर सुरू झाली. घड्याळ मुलाला, बांगड्या नातीला. लेकीला फोन करून जुनं भांडणसुद्धा मिटवलं. शिलाई मशीनवरचा पाय थांबवून सुनेने ते भिंतीपलीकडून ऐकलं.

एका दुपारी त्यांनी सुनेला हाक मारली आणि आपली लोकरी शाल तिच्या हातात ठेवली.

"तू घे. दिवसभर त्या मशीनवर बसतेस. माझी लाकडं मसणात पोचल्यातच जमा. त्यांच्यावरही तो कर लागतो का गं?"

सुनेला हसू आलं नाही. शालीत अजून त्यांच्या अंगाची ऊब होती. ती तशीच छातीशी धरून सून हीटरपुढे बसली आणि बटण पुढे फिरवलं. मान वर न करता म्हणाली, "आई, तुम्हाला काही झालेलं नाही. मीच हा कमी केला होता. तुम्ही विचारलंत, तेव्हा खोटं बोलले."

हीटर कुरकुरत तापायला लागला.

"म्हणजे मी मरत नाहीये."

"नाही."

"मग आण ती शाल इकडे," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या पोरीकडून बांगड्या परत मागशील ना, तेव्हा कारणही तूच सांग."