जुने बोर्ड मागणारा माणूस

लाखनीत हायवेला लागून प्रतिक्षाचं टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. बिघडलेले बोर्ड ती फेकत नसे. एकाचा सुटा भाग काढून दुसरा सेट चालू करायचा, यावरच तिचं दुकान चालायचं. त्यामुळे गोपीचंद नावाचा भंगारवाला तीनचाकी घेऊन जुने बोर्ड मागायला दारात आला, तेव्हा ती सावध झाली.

"ई-कचऱ्याचा नवा कायदा आला ना बाई. हा माल दुकानात ठेवता येत नाही. धाड पडली तर सील लागते. मले देऊन टाका."

"तुम्ही कुठं नेता?"

"सरकारमान्य रिसायकलिंग कंपनीत."

कंपनीचं नाव त्याने इतकं झटकन सांगितलं की प्रतिक्षाला ते पाठ केलेलं वाटलं. त्याच्या शर्टाला जळक्या रबराचा वास येत होता. "मंग या," म्हणून तिने त्याला वाटेला लावलं आणि कंपनीला फोन केला. असा कोणी माणूस त्यांना माहीतच नव्हता.

तिचे सासरे भैय्यालाल जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "कायद्याचा धाक दाखवून फुकट मागून राहिला, म्हणजे काहीतरी गोम आहे. तो बंद राइस मिलमागं राहते. चाल, पाहून येऊ."

मिलमागे काळा धूर उठला होता. गोपीचंद आणि त्याची बायको शकुनबाई वायरींचे वेटोळे जाळत बसले होते.

"हीच का तुमची कंपनी?" प्रतिक्षाने विचारलं.

गोपीचंदने मान खाली घातली. "कंपनी खरी आहे बाई. मी गेलो होतो. रजिस्ट्रेशन नाही म्हणून फाटकातूनच हाकललं. आधी नागपूरचा व्यापारी सारा माल जसाचा तसा नेत होता. आता तो कायद्याले भेते. मंग जाळून तांबं काढतो."

"पोलिसात द्याले आल्या का?" शकुनबाई खोकत म्हणाली.

प्रतिक्षा खरं तर त्याच विचाराने आली होती. पण ज्या जाळण्याला आळा घालायला कायदा आला, तेच जाळणं त्या कायद्यानेच या दोघांच्या अंगणात आणून टाकलं होतं. तक्रार करून काय साधणार, हे तिला कळेना.

तिने कंपनीला पुन्हा फोन लावला. दुरुस्ती करणाऱ्यांनाही नोंदणी करता येते, हे तिला तेव्हा कळलं. भैय्यालालना घेऊन तिने त्यासाठी नागपूरला हेलपाटे घातले. नोंदणी झाल्यावर तिच्या दुकानातून माल उचलायला कंपनी तयार झाली, पण गाडीभर साठला तरच.

ती पुन्हा मिलमागे गेली. "जाळू नका, माझ्याकडं आणा. चालण्यासारखं मी दुरुस्त करीन, बाकीचं कंपनी नेईल. तुमचा वाटा तुम्हाले."

गोपीचंद म्हणाला, "आज माल घ्याल. उद्या धाड आली तर माझंच नाव सांगाल."

"कायले सांगीन?"

"कायले नाही सांगणार?"



दिवाळी झाल्यावर तो एकच जुना कॉम्प्युटर घेऊन आला. प्रतिक्षा स्क्रू काढत होती, तोवर त्याने तिच्या हातांवरून नजर हलवली नाही. शकुनबाई तर तीनचाकीतून उतरलीच नाही.