डेमोक्रॅटची खुर्ची

बावीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसले. मतदानाच्या दिवशी आमच्या गावचे आगीचे बंब बाहेर काढून ठेवतात आणि आत टेबलं मांडतात. नावं तपासायच्या टेबलावर दोघं बसतात, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, म्हणजे नंतर कुणी कुणाच्या नावाने बोंब मारायला नको. रिपब्लिकन खुर्चीसाठी आमच्या काउंटीत वशिले लागतात. डेमोक्रॅट खुर्चीसाठी मी. दुसरं कुणी कधी विचारायलाही आलं नाही. बाजूच्या खुर्चीत ग्वेन, आणि घरही तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, रेक्सचं, माझ्या बाजूलाच.

टेबलावर राजकारण काढायचं नाही, हा आमचा करार होता. पण त्या वर्षी एप्रिलपासून तिच्या अंगणात स्लेटरच्या नावाची पाटी उभी होती आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नव्हतं. रोज सकाळी कॉफी घेताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हा स्लेटर काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरच्या जागेला उभा होता. काउंटीचं वृद्धसदन म्हणजे ऐतखाऊंची सोय, निवडून आलो की कुलूप ठोकतो, असं तो जिथे तिथे सांगत सुटला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्या सदनात माझा नवरा व्हर्जिल तीन वर्षं होता. चाळीस वर्षं कारखान्यात युनियनचं काम केलेला माणूस, आता त्याला माझं नाव आठवेलच असं नाही. पण मी आत पाऊल टाकलं की एक प्रश्न ठरलेला, "आपण जिंकलो का?" मी म्हणायचे, "अजून मोजणी चालू आहे." मग तो निवांत पुडिंग खायचा. पुढचं सदन सत्तर मैलांवर, आणि हायवेवर गाडी घालायला माझे डोळे आता साथ देत नाहीत. सदन बंद झालं की व्हर्जिल मला दिसायचा बंद, इतकं सरळ होतं ते.

स्लेटरच्या समोर एकच माणूस होता, हॉलोवे, गुरांचा डॉक्टर. तोही रिपब्लिकनच. दहातल्या नऊ गोष्टींवर मी त्याच्याशी कचाकचा भांडले असते. पण सदन चालू ठेवायचं, असं तो उघड म्हणत होता आणि मला तेवढं पुरे होतं.

आमच्याकडे नोव्हेंबरची निवडणूक नुसती शोभेची. काय ठरायचं ते मे महिन्यात, रिपब्लिकन लोक आपापसात उमेदवार निवडतात तेव्हाच ठरतं, कारण पुढे त्याच्यासमोर उभं राहायला आमचं कुणी नसतंच. तीस वर्षं मी हे बघतेय. शाळेची समिती त्यांची, शेरीफ त्यांचा, न्यायाधीश त्यांचा, आणि वर पुन्हा आमच्यामुळेच देश बुडाला म्हणून ओरडायचं! संताप संताप होतो. आणि मे महिन्यात प्रत्येकाने टेबलासमोर उभं राहून तोंडाने सांगायचं, कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी. ते तुमच्या नावापुढे नोंदलं जातं. मी रिपब्लिकन पत्रिका मागितली की कागदावर मी रिपब्लिकन, आणि बावीस वर्षांची खुर्ची गेली.

मतदानाच्या सकाळी साडेसहाला दार उघडलं. मी बाहेर झेंडा लावून आत आले तर ग्वेन पेनं मांडत होती. साडेसहाला दार उघडलं. रांगेत पहिलाच बर्ट क्लिंगमन, शाळेत बँड शिकवायचा, माझ्याबरोबर दर निवडणुकीत दारोदार फिरलेला. "रिपब्लिकन," तो पेनाकडे बघत म्हणाला. माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मग पाद्रीबाईंचा नवरा. मग दवाखान्यातली दुसरी पाळी करणारी आयलीन. एकामागून एक माझी माणसं येत होती आणि खालच्या आवाजात तोच शब्द बोलून जात होती. मला त्यांचा राग येत होता आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. प्रत्येकाला वाटत होतं की हे पाप आपण एकट्यानेच केलंय.

मधूनच स्लेटरच्या टोप्या घातलेले पाच-सहा जण हसत-खिदळत यायचे. किती हॉलोवेचे, किती त्याचे, मी मनात मांडत होते आणि दर दहा मिनिटांनी हिशेब चुकत होता. दुपारी ग्वेनने हॅमचं सँडविच पुढे केलं, ते मी तसंच कागदात गुंडाळून ठेवलं. संध्याकाळपर्यंत मी डेमोक्रॅट पक्षाची एकही पत्रिका दिली नव्हती. एकही नाही. मागच्या वेळी एकतीस गेल्या होत्या.

सव्वासात वाजले. दार बंद व्हायला पंधरा मिनिटं, आणि माझं मत अजून राहिलं होतं. इतकी वर्षं ग्वेन न विचारताच माझी पत्रिका पुढे सरकवायची आणि वर टोमणा मारायची, घे बाई, तुझ्या पक्षाची शेवटची निशाणी. या वेळी तिने हात टेबलावर ठेवले आणि विचारलं, "मार्लिस, कुठली देऊ?"

माझ्या डोळ्यांसमोर व्हर्जिल आला, पंचवीस वर्षांचा, संपात कारखान्याच्या फाटकावर उभा. त्याला हे कळलं असतं तर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नसता. "रिपब्लिकन," मी म्हणाले, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. ग्वेनने चेष्टा केली नाही. तिने मुकाट्याने पत्रिका दिली, मी हॉलोवेपुढचं वर्तुळ काळं केलं आणि ती यंत्रात सरकवली.

दार बंद झाल्यावर केंद्रप्रमुखाने यंत्रातून आकडे काढून वाचले. रिपब्लिकन, चारशे सहा. डेमोक्रॅट, एक. मी म्हटलं चूक आहे, शून्य असायला हवं, मी स्वतः बसले होते ना दिवसभर. तो म्हणाला, चूक नाही, सकाळी दार उघडल्या उघडल्या एक दिली आहे. तेव्हा मी बाहेर झेंडा लावत होते. मी ग्वेनकडे पाहिलं. ती पेनांना रबर गुंडाळत होती.

"तू?" मी विचारलं.

"मला स्लेटरला मत द्यायचं होतं," ती म्हणाली. "व्हर्जिलच्या विरोधात द्यायचं नव्हतं. मग तुमच्या पक्षाची पत्रिका घेतली, तिच्यावर दोघंही नाहीत. आणि तू काय करणार ते मला महिनाभर दिसत होतं गं. या टेबलावर कुणीतरी डेमोक्रॅट नको का? नाहीतर तुझ्या जागी कुठून कुणाला आणून बसवतील. रेक्सला मात्र बोलू नकोस, पाटी त्याने लावलीय."

मी तिचा दंड घट्ट धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर निकाल लागला. हॉलोवे अठ्ठावन्न मतांनी पडला. आम्ही सगळ्यांनी तोंड लपवून पक्ष बदलला, आणि तरी अठ्ठावन्न कमी पडली. मी कॉफी बेसिनमध्ये ओतली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

नोव्हेंबरमध्ये कमिशनरच्या जागेपुढे आमच्या पक्षाचा रकाना कोराच होता. टेबलावर ग्वेन डेमोक्रॅटचा बिल्ला लावून माझ्या खुर्चीवर बसली आणि मी तिच्या. "तुमच्या पक्षात एक बरं आहे," ती म्हणाली, "बसायला जागाच जागा." मी हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं.

जानेवारीत स्लेटर आला आणि एप्रिलमध्ये सदनाला कुलूप लागलं. व्हर्जिलला सत्तर मैलांवर नेलं. पहिल्या रविवारी ग्वेनने मला तिच्या गाडीतून नेलं. तो नव्या खोलीत, अंगात कोट घालून, घरी निघाल्यासारखा बसला होता. त्याने मला ओळखलं नाही. माझ्यामागे ग्वेन उभी होती, तिला त्याने विचारलं, "आपण जिंकलो का?"

मोजणी चालू आहे, एवढं म्हणायचं होतं मला.

"नाही रे व्हर्जिल," ग्वेन म्हणाली. "थोडक्यात राहिलं आपलं."

त्याने कोटाची बटणं काढायला घेतली.

"मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.