पत्र्याच्या पेटीतला छातीचा फोटो

मी आवडाबाईच्या छातीचा फोटो बोलतोय. साधा एक्स-रे नव्हे, सीटी स्कॅनचा. पेटीत गोधड्यांखाली पडलोय, पण खोटं बोलणं माझ्या अंगात नाही.

आवडाबाईची दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी खानावळ. पंचवीस वर्षं तिनं चुलीवर भाकरी भाजल्या. किल्ला बघायला येणाऱ्यांना गॅसवरची चालत नाही. पुढं तिला चार पावलांत धाप लागू लागली. एक्स-रेत काही दिसलं नाही, तेव्हा नवरा बद्रीनाथ म्हणाला, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

मग शहरात, गारखेड्यातल्या दवाखान्यात माझा जन्म झाला. यंत्रात निजवून तिला श्वास घ्यायला लावला, मग सोडायला. सोडला तरी हवा आतच राहिली. त्या जागा माझ्यावर काळ्या उमटल्या.

डॉक्टरांनी मला उजेडावर धरलं. "टीबी नाही. धुरानं फुफ्फुसं खराब झालीत, आतली हवा अडकते. चूल बंद करा. हा श्वासाच्या औषधाचा पंप रोज ओढा. सहा महिन्यांनी हा फोटो घेऊन या, ताडून बघू."

पाकिटावर तारीखही लिहिली.

घरी येताच बद्रीनाथनं मला पेटीत घातलं, वर पंप टाकला. मोनिकाला, त्यांच्या लेकीला, पाहायला पाहुणे येणार होते.

"टीबी नाय म्हणले की डाक्टर," आवडाबाई म्हणाली.

"आपल्याला ठाव हाय. लोक छातीचा फोटो बघून टीबीच म्हणत्यात. पोरीचं जमू दे आधी."

पाहुणे आले, चुलीवरच्या भाकरीची लई तारीफ करून गेले. स्थळ जमलं. पेटी उघडली नाही. आता म्हणे लग्न होऊ दे.

माणसं मोठी हुशार. आतलं दिसावं म्हणून मला काढतात आणि दिसलं की झाकून ठेवतात. अंधारात मी नुसतं काळं प्लास्टिक.

आज मोनिकानं गोधडीसाठी पेटी उघडली. पाकीट वाचलं, मला दाराच्या उजेडाला धरलं.

"आई, तारीख होऊन महिना झाला! मला का नाय सांगितलं?"

"ठेव ते."

"माझ्या लग्नापायी व्हय?"

आवडाबाईनं मला तिच्या हातातून ओढलं, आत टाकलं, झाकण लावलं आणि वर बसली. बोलायला दम उरला नव्हता. तिच्या धापेनं पत्रा हलतोय.

मोनिका, या एका गोष्टीत आईचं ऐकू नकोस. तिला उठव. झाकण उघड.