साडूने केलेली गाडी

माझ्या साडूने जुनी गाडी केली. म्हणजे विकत घेतली. पण सांगताना तो 'केली' असं सांगतो, आणि लोक ते मुकाट ऐकून घेतात. माझा खरा राग लोकांवर आहे.

गाडी करणं म्हणजे काय, हे मला विचारा. आठ वर्षं मी तेच करतोय. आमच्या इमारतीमागच्या शेडमध्ये माझी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. साडूच्या गाडीचंच मॉडेल. दोन दारं, गोल दिवे, मागे फुगीर डिकी. तिचा गंज मी स्वतः बसून खरवडला. इंजिन सुटं करून पुन्हा जोडलं, शेवटी एक वॉशर उरला, म्हणून पुन्हा सुटं केलं. दारं सध्या आमच्या बेडरूममध्ये, कपाटाच्या मागे आहेत. या शेवटच्या वाक्यावर बायकोच्या माहेरची माणसं संध्याकाळभर हसू शकतात. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तर दर महिन्याला विचारतात, "भंगारवाला कधी येणार आहे?" मी सांगतो, ते भंगार नाही. ते म्हणतात, "हो, हो. पण कधी?"

गाडी मी करत होतो ती सासऱ्यांसाठी. त्यांना सगळे नाना म्हणतात. ते आमच्याकडेच राहतात. तरुणपणी ते औषधांच्या कंपनीचे विक्रेते होते आणि अशाच गाडीतून गावोगाव फिरायचे. पुढे कंपनीने गाडी काढून घेतली. त्यानंतर नानांनी आयुष्यात बऱ्याच गाड्या चालवल्या, पण एकीबद्दलही चांगला शब्द काढला नाही. मी त्यांना शब्द दिला होता की ही गाडी झाली की पहिल्यांदा तुम्ही चालवायची. तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे ठणठणीत होते. आता डाव्याने जवळपास रजा घेतलीय. या महिनाअखेर त्यांचा परवाना संपतोय, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय की पुढच्या वेळी मी सही करणार नाही.

"चालायचंच," नाना मला म्हणाले. "तुम्ही काय मुद्दाम उशीर केला नाहीत."

हे समजुतीचं बोलणं ऐकण्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी नानांना आपली गाडी चालवायला द्यायला साडू आला. गाडी चालवत नाही, तर ट्रकवर घालून. रस्त्यावरची धूळ बसू नये म्हणून. गाडीला तिच्याच मापाचं मखमली पांघरूण होतं. माझ्या मुलीला लहानपणी एवढं मऊ पांघरूण मिळालं नव्हतं. ट्रकवाल्यांनी ती उतारावरून हळूच खाली सोडली, ढकलत अंगणात आणली आणि ते निघून गेले. साडूने पांघरूण काढलं. क्रीम रंग, आरशासारखा. त्यात मी मला दिसलो. बनियनवर ग्रीस होतं.

"कशी केलीय?" साडू म्हणाला.

"कोणी केली?"

"अहो, म्हणजे करवून घेतली. तेच ते." त्याने माझ्या शेडकडे पाहिलं. "साडूसाहेब, राग मानू नका, पण तुम्ही यात घातलात तेवढा वेळ धंद्यात घातला असता तर अशा दोन आल्या असत्या."

मेहुणी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "भावोजींना वेळ घालवायलाच आवडतो. ताईला विचारा." ताई म्हणजे माझी बायको. तिने फक्त चहाचा ट्रे गाडीच्या बॉनेटवर ठेवायला घेतला. साडू असा धावला की कप हिंदकळले.

तोवर नाना खाली आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात परवाना होता, कोणी विचारणार नसतानाही. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. हात कुठेच लावला नाही, कारण साडू फडकं घेऊन मागे मागे होता. मग ते दार उघडून बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. दिवे झकास पेटले होते, हॉर्नही वाजला. इंजिन मात्र ढिम्म.

"असं कसं?" साडू म्हणाला. "दुकानात बाहेरची बॅटरी लावून एका झटक्यात चालू केली होती. माझ्यासमोर." त्याने विकणाऱ्याला फोन लावला. रविवार होता. विकणाऱ्याने तो उचलण्याचं कारण नव्हतं. मग साडूने माझ्यादेखत असं वाक्य उच्चारलं की माझं डोकंच फिरलं.

"बरं, नाना, नुसतं बसा ना. हात स्टिअरिंगवर ठेवा. फोटो काढतो. चालवताय असंच वाटेल."

आणि नानांनी खरंच हात ठेवले. गुडघे जुळवून, परक्याच्या घरी बसावं तसे बसले.

मी जाऊन बॉनेट उघडलं. आत काय थाट. पाइपसुद्धा चमकत होते. ज्याला रंग लागत नाही त्यालाही रंग होता. इंजिनपासून बॉडीला येणारी तांब्याची पट्टी, तिच्यातून करंट परत जातो, ती दोन थर क्रीम रंगावर बोल्टने ऐटीत बसवली होती. रंगातून करंट जात नाही. दुकानात बाहेरच्या बॅटरीची तार थेट इंजिनला चिकटवली असणार, म्हणून तिथे चालू झाली. ही अक्कल मी स्वतःच्या गाडीवर एक महिना आणि दोन चांगले स्टार्टर वाया घालवून मिळवली होती.

"इथला रंग खरवडावा लागेल," मी म्हणालो.

"खरवडायचा?" साडू पट्टीच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभा राहिला. "वेडे आहात का? प्रदर्शनाच्या दर्जाचं काम आहे हे. एक ओरखडा दिसला तर परीक्षक मार्क कापतात."

"मग ती चालणार नाही."

"आज नाही चालली तर काय बिघडलं? पुढच्या रविवारी माणूस बोलावतो."

पुढच्या रविवारी नानांचा परवाना संपलेला असणार, हे त्याच्या बायकोलाही माहीत होतं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत जमिनीकडे पाहत राहिली.

नाना गाडीतून उतरले. किल्ली काढून घेऊन समोर आले आणि साडूला हाताने बाजूला केलं. खांद्याला धरून, हलकेच, दाराशी उभ्या असलेल्या मुलाला करावं तसं.

"कुठे खरवडायचंय?" त्यांनी मला विचारलं.

बायकोने माझ्या हातात पाना दिला. मी मागितला नव्हता. नंबर बरोबर होता. मी बोल्ट सोडवला, नानांनी किल्लीच्या टोकाने रंग खरवडला. खर, खर. प्रत्येक आवाजाला साडू डोळे मिटत होता. खाली पत्रा चकाकला. पट्टी पुन्हा बसवली. नानांनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

ते एकटे गेले नाहीत. बायको शेजारी बसली, डावीकडचं सांगायला. आम्ही दोघे साडू मागे, गुडघे हनुवटीला लावून. रिकाम्या गोदामांच्या रस्त्यावर नानांनी गिअर बदलले तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. रस्ता संपला तिथे त्यांनी गाडी वळवली आणि पुन्हा त्याच टोकाला नेली. पुन्हा वळवली. साडू खड्ड्यांबद्दल काहीतरी सांगत होता. नाना म्हणाले, "क्लच हलका आहे." गाडी चांगली होती. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

अंगणात उतरल्यावर नानांनी किल्ली साडूच्या हातात दिली आणि म्हणाले, "चांगली घेतलीत." 'केलीत' म्हणाले नाहीत. मी ते ऐकलं, साडूने ऐकलं नाही. तो बॉनेट उघडून त्या उघड्या पत्र्याकडे पाहत होता.

"काळजी नको," तो मला म्हणाला. "रंगवाल्याला बोलावतो. उद्याच्या उद्या इथे पुन्हा दोन थर मारून घेतो. कोणाला कळणारसुद्धा नाही."

मी तोंड उघडलं. मग नानांकडे पाहिलं. ते जिना चढत होते, एक हात कठड्यावर. मी साडूला गाडीवर पांघरूण घालायला मदत केली.