सगळ्यांत जुनं खातं

"काका, तुम्हीच टाइप करा. मी हात लावत नाही," रेश्मा म्हणाली.

गोरक्षनाथ काकांनी चष्मा पुसला. सुप्याच्या या कारखान्यातला लिनक्स सर्व्हर त्यांनीच उभा केलेला आणि रूट, म्हणजे सर्व्हरचा सगळा ताबा, कायम त्यांच्याकडे. पोरं त्यांना सर्व्हरचे पाटील म्हणत, आणि काकांना ते आवडायचंही. गेल्या आठवड्यात आपल्या लेबलं छापायच्या प्रोग्रामसाठी त्यांनी सर्व्हरवर काहीतरी नवीन चढवलं आणि अख्खी पॅकिंग लाइन बंद पडली. मॅनेजर भडकले. रूट रेश्माकडे गेलं. आता ज्यानं त्यानं आपापल्या बंद खोलीत, म्हणजे कंटेनरमध्ये काम करायचं. आत काहीही मोडलं तरी बाहेर धक्का नाही. काकांचा प्रोग्राम तिथं चालला नाही तर तो बंद करून त्यांना स्टोअरला पाठवायचं, हेही ठरलं होतं.

बाहेर टेम्पो भरून उभे होते, फक्त लेबलं लागायची होती. मॅनेजर दारातच थांबले होते.

काकांनी आपली खोली उघडायची कमांड दिली. पडद्यावर उत्तर आलं, परवानगी नाही. पुन्हा दिली. तेच.

"ह्या पोरांचं, दिशाचं, अजिनाथचं चालतंय. माझंच कसं न्हाई?" काका म्हणाले. "रेश्मा, लेबलं निघूस्तवर रूट दे. मग घे काढून."

मॅनेजरसमोर रूट दिलं असतं तर काकांचा निकाल तिथंच लागला असता. रेश्मानं घाईघाईनं आपल्या मशीनवर खात्यांची फाइल उघडली आणि तिचा चेहरा पडला. खोली उघडायला प्रत्येक खात्याच्या नावानं काही क्रमांक राखून ठेवावे लागतात. नव्या खात्यांना सर्व्हर ते आपोआप देतो. काकांचं खातं सगळ्यांत जुनं. त्याला ते मिळालेच नव्हते, आणि ते हातानं भरायचं रेश्माच्या लक्षात आलं नव्हतं.

"सर, चूक माझी आहे, काकांची नाही," ती दाराकडे बघून म्हणाली आणि क्रमांक भरले. "काका, परत द्या."

खोली उघडली. काकांचा चेहरा खुलला.

"अगं, मला रूट म्हनतंय की हे."

"आतल्यापुरतं, काका."

"आन् भाईर?"

"बाहेर सगळ्यांसारखेच."

प्रिंटर सुरू झाला. मॅनेजर टेम्पोंकडे निघून गेले. काकांनी पहिलं लेबल हातात घेऊन नीट वाचलं. मग ते सर्व्हरसमोरून उठले, दिशा आणि अजिनाथच्या टेबलाशी एक स्टूल ओढलं आणि म्हणाले, "सरका रं जरा."